घाटाची खूण, रस्त्याची खूण

इसवी सन २००६, डिसेंबर महिन्याची सात तारीख, गुरुवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ कोल्हापूर, उद्यमनगरातील एका गल्लीच्या टोकास असलेले माझे चाकांच्या अलाइनमेंटचे दुकान. इतके काटेकोर लिहून ठेवण्याचे कारण एवढेच, की त्या आठवड्याविषयी पुढे जे जे बोलले गेले त्यात तारीख सोडून बाकी सारे कोणी ना कोणी बदलून सांगितले. आणि बदलून सांगणाऱ्यांत काही काळ मीही होतो.

दारातल्या चढावर गाडीचे पोट घासल्याचा आवाज आला. मुजावरमामांनी चहाचा पेला बाकावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून ते त्या पांढऱ्या गाडीकडे पाहत राहिले.

“गाडी हाय का पाट?” ते म्हणाले. “आत बसायचं म्हंजी पंगतीला बसल्यागत मांडी घालाय लागंल.”

“मांडी नाही मामा, पाय पसरून बसते मी,” खिडकीतून शर्वरी नेजदार म्हणाली. “वाढणार असाल तर उतरते खाली.”

शर्वरी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. चुलत्यांच्या फाउंड्रीत धातूची तपासणी करण्याचे काम ती पाही, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या शर्यतीत भाग घेई. ती जुनी हॅचबॅक तिने स्वतः सव्वादोन इंच खाली बसवली होती. मी व्यापारात पडण्यापूर्वी अकरा वर्षे तंत्रनिकेतनात शिकवीत असे. त्यामुळे गल्लीतले सगळेच मला सर म्हणत, तीही म्हणे. इस्माईल मुजावर हे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर. वय बासष्ट. गाडीच्या दोन्ही अंगांना दोरा ताणून चाकांची दिशा मोजण्याचे काम त्यांच्याइतके नेमके करणारा माणूस त्या वेळी शहरात दुसरा नव्हता, आणि हे मी त्यांच्याशी रोज वाद घालीत असतानाही मान्य करीत असे.

“रविवारी करंजवडे घाटात चढाईची शर्यत आहे,” शर्वरी म्हणाली. “कोईमतूरच्या संघाची माणसं बघायला येणार आहेत. पहिल्या तिघांतला एक जण पुढच्या हंगामात त्यांची गाडी चालवणार. बाबांनी मला मार्चपर्यंत मुदत दिलीय, तोवर जमलं नाही तर शर्यती बंद. म्हणजे माझ्याकडे हा एक रविवार आहे.”

“आणि अडचण?”

“टायरचा एकच जोड. त्यावरच दोनशे दहा किलोमीटर जायचं आणि त्यावरच घाट चढायचा.”

अडचण खरी होती. गाडी खाली बसवली की पुढच्या चाकांची डोकी आपोआप आत झुकतात; या झुकण्याला आमच्या धंद्यात कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, तेव्हा आधीच आत झुकलेले चाक रस्त्यावर सपाट टेकते आणि पकड वाढते. सरळ रस्त्यावर मात्र तेच चाक आतल्या काठावर चालते, आणि तो काठ झिजत जातो. घाटाला जे हवे तेच वाटेला नको असते.

“घाटात मला तीन अंश पाहिजेत,” ती म्हणाली.

“तीन अंशांवर इतका लांब रस्ता तोडलास तर मऊ टायरचा आतला काठ घाटाच्या पायथ्यापर्यंत टिकणार नाही.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले. दोन्ही द्या.”

मला मागणी आवडली. बॉनेट उघडले की शॉकॲब्झॉर्बरच्या माथ्यावरची पट्टी दिसते; तिने ती पट्टी लांबट खाचांची करून घेतली होती, म्हणजे तीन नट सैल केले की चाकाचे डोके आत किंवा बाहेर सरकवता येई. मी असे ठरवले की त्या पट्टीवर पंचाने दोन ठिपके मारायचे. आतला ठिपका तीन अंशांचा, तो घाटासाठी. बाहेरचा एक अंशाचा, तो रस्त्यासाठी. घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर तिने पाना घ्यावा, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर न्याव्यात. चाक काढायला नको, जॅक लावायला नको.

गाडीखाली शिरून मी एकेक भाग पाहिला आणि सवयीप्रमाणे दुकानाच्या कार्डावर लिहीत गेलो. चाकाच्या खालच्या सांध्यापाशी माझा हात थांबला. तिथे एक चकचकीत पोलादी तुकडा बसवून सांधा पस्तीस मिलिमीटर खाली उतरवला होता.

“हे कोणी केलं?”

“मीच. आमच्या लेथवर. गाडी खाली बसवल्यावर चाकाला गाडीशी जोडणारा खालचा हात वर चढला होता, तो पुन्हा आडवा करायला.”

“सुबक आहे,” मी म्हणालो, आणि कार्डावर लिहिले : खालचा सांधा, पस्तीस मि.मी. खाली, काम उत्तम.

ते शब्द माझ्याच अक्षरात आजही माझ्यापाशी आहेत.

शुक्रवारी दुपारपर्यंत काम चालले. आधी आम्ही गाडी घाटाच्या ठिपक्यावर ठेवली. मामांनी चारी कोपऱ्यांत स्टँड मांडून दोन्ही अंगांना दोरा ताणला आणि टो जुळवला. पुढची दोन चाके वरून पाहिली असता एकमेकांना समांतर आहेत की नाहीत, याला टो म्हणतात. तो बिघडला तर दोन्ही चाके रस्त्यावर धावताधावता घासली जातात, खोडरबर कागदावर घासावे तशी. मामांनी तो इतका बारीक जुळवला की मोजपट्टीवर फरक दिसेना. मग मी नट सैल करून गाडी रस्त्याच्या ठिपक्यावर आणली, कॅम्बर तपासला, तो दोन्ही बाजूंना बरोबर एक अंश भरला, आणि मी हात पुसले.

मामा दोरा गुंडाळता गुंडाळता थांबले.

“सर, टो बगायचा न्हाई?”

“आत्ताच बघितला की.”

“तो घाटाच्या खुणंवर. आता वरनं चाक हललं. खालचा दांडा गप बसतोय व्हय?”

“या गाडीत बसतो.”

“परत ताणतो. वीस मिनटं लागतील.”

“मामा, या जातीच्या अकरा गाड्यांवर मी स्वतः मोजलंय. डोकं दोन अंश हलवलं तर टो दर चाकामागे अर्धा मिलिमीटर बदलतो. वहीत आहे, काढून दाखवू?”

“त्या अकरा गाड्या उभ्या हुत्या, सर. ही बसलीया.”

शर्वरी हसली. बाकावर पाय वर घेऊन ती शेंगदाणे खात होती. तिच्या हसण्यात काही वाईट नव्हते. पण वाक्य चांगले जमले होते, आणि ते माझे नव्हते. मी खडू घेतला.

जमिनीवर मी चाक काढले, खालचा सांधा काढला, स्टीअरिंगचा दांडा काढला. मी म्हणालो, चाकाचे डोके आत ओढले की चाक खालच्या सांध्याभोवती कलते. दांडा त्या सांध्याच्याच पातळीत असेल तर कलण्याचा त्याला पत्ता लागत नाही. पातळी सोडून असेल तरच तो चाकाला बाजूला ढकलतो. गाडी उभी असो की बसलेली, दांडा आणि सांधा एकाच लोखंडी तुकड्याला जोडलेले असतात. गाडी खाली आली म्हणून त्या दोहोंतले अंतर बदलण्याचे कारण नाही. आणि ज्याला कारण नाही ते घडत नाही. असे मी एकामागून एक मांडले. आजही मला त्या युक्तिवादात एक अक्षरही खोटे सापडत नाही.

मामा खडूच्या रेघांकडे बघत होते.

“चित्रात बरोबर हाय,” ते म्हणाले.

“चित्रात बरोबर म्हणजे बरोबर.”

“माझ्या हाताला बरोबर वाटंना.”

“हाताला कारण देता येतं का, मामा?”

“न्हाई.”

“मग कारण सापडलं की सांगा. तेव्हा ताणू दोरा.”

“सरांशी वाद घालायचा म्हणजे आधी प्रवेश परीक्षा द्यायला पाहिजे मामा,” शर्वरी म्हणाली. “मी दोनदा नापास झालेय.”

मामांनी उरलेला दोरा गुंडाळला. गुंडाळी खिळ्याला अडकवून ते तिच्याजवळ गेले. “पोरी, वाटंत जिथं थांबशील तिथं टायरच्या मागनं हात घाल. आतला काठ डोळ्याला दिसत न्हाई. तळव्यानं बगायचा. काठ गुळगुळीत लागला, न्हाईतर करवतीगत लागला, तर पुढं जाऊ नगंस.”

“तिला गाडी चालवू द्या मामा,” मी म्हणालो. “वाटेत नाडीपरीक्षा कशाला?”

यावरही ती हसली. या खेपेस वाक्य माझे होते.

घड्याळ मी नंतर पाहिले. चार वाजायला पाच मिनिटे होती; आम्ही बोलायला लागलो तेव्हा साडेतीनचा भोंगा होऊन गेला होता.

शनिवारी सकाळी सात वाजता ती निघाली. अकराच्या सुमारास माझा फोन वाजला.

“सर, गाडी भिरभिरतेय.”

“म्हणजे नेमकं काय?”

“सरळ राहत नाही. रस्त्यावर जरा चाकोरी लागली की तिच्यामागे पळते. सारखी धरून ठेवावी लागते. मनगटं भरून आलीत. आणि एक बारीक आवाज येतोय, सूं असा.”

“टायर मऊ आणि रुंद आहेत. गाडी खाली बसलेली आहे. अशा गाड्या चाकोरीमागे जातात, हा त्यांचा स्वभावच असतो.”

“माझी आधी नव्हती जात.”

“आधी तुझा कॅम्बर वेगळा होता. तू तीन गोष्टी एकदम बदलल्यास आणि चौथीला दोष देतेयस. घाटाच्या खुणेवर आणलीस की बघ, सुतासारखी सरळ जाईल. नाही गेली तर मला फोन कर.”

मागे ढाब्यावरच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“मामा आहेत का तिथं?”

“मामा एका ट्रकखाली आहेत. त्यांना वर काढू?”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही सांगताय म्हणजे ठीक आहे.”

संध्याकाळी पाच वाजता तिचा संदेश आला. ‘घाटाच्या खुणेवर आणली. एकदम सरळ. तुम्ही बरोबर होता सर. मामांना पण सांगा.’ मी मामांना सांगितले. एकदा वाचून दाखवले, आणि त्यांनी मान हलवल्यावर पुन्हा एकदा वाचून दाखवले.

“चांगलं झालं,” मामा म्हणाले आणि रॉकेलमध्ये भिजवलेले पाने पुसत राहिले.

रविवारी साडेअकराला दुसरा संदेश आला. त्यात एकच शब्द होता, ‘दुसरी’. पहिल्या फेरीत तिचा वेळ दुसऱ्या क्रमांकाचा होता. दुपारी आणखी एक फेरी व्हायची होती; दोन्हींतला चांगला वेळ धरणार होते. मी दुकान बंद असतानाही तिथे जाऊन बसलो, कारण घरी रेंज येत नसे. दोन वाजून दहा मिनिटांनी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. आयोजकांपैकी कोणी होते. गाडीतल्या कागदांत माझे कार्ड सापडले होते, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत माझा नंबर होता.

सहाव्या वळणावर पुढचे डावे टायर फुटले. वळण उजवीकडचे होते; गाडी वळली नाही, ती सरळ दगडी कठड्यावर गेली. शर्वरीचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला होता. जीव वाचला, असे फोनवरचा माणूस दोन वेळा म्हणाला.

मंगळवारी गाडी ट्रकवरून माझ्या दुकानी आली. तिच्या वडिलांनी तसा निरोप दिला होता. भंगारात द्यायची की नाही, ते मी पाहून सांगायचे होते. सोबत आयोजकांच्या तपासनिसाचा टाइप केलेला अहवाल होता. ‘सहाव्या वळणापूर्वी चालकाने ब्रेक उशिरा दाबल्यामुळे पुढील डाव्या चाकावर अतिरिक्त भार येऊन टायर निकामी झाले. वाहनात दोष आढळला नाही.’ डावे टायर चिंध्या होऊन गेले होते. त्यावरून काही ठरवणे कोणालाच शक्य नव्हते.

गल्लीतली माणसे येऊन पाहून गेली. समोरच्या रेडिएटरवाल्या चौगुल्यांनी चेपलेल्या बॉनेटवर बोटांनी टिचक्या मारल्या.

“ब्रेक उशिरा मारला म्हणं.”

“असं लिहिलंय,” मी म्हणालो.

“कितीबी झालं तरी पोरगी. घाबरली असंल ऐन वेळंला. तुमच्या कामात काय खोट न्हाई, त्यांनीच लिवून दिलंय की. सुटलासा तुमी.”

कोणत्याही विधानाला उलट विधान करण्याची माझी सवय गल्लीला माहीत होती, म्हणून चौगुले थोडे थांबले. मी अहवालाची घडी घालून ती खिशात ठेवली.

ते गेल्यावर मी गाडीच्या उजव्या अंगाला गेलो. हे चाक शाबूत होते. बाहेरून टायर चांगले दिसत होते. खाचा खोल, कडा धारदार. मी गुडघे टेकले, टायरच्या मागून हात घातला आणि तळवा आतल्या काठावरून वरून खाली ओढला. बोटात काहीतरी घुसले. हात बाहेर काढला तेव्हा बोटाला रक्त होते.

“काय लागलं?” मामांनी विचारले. ते केव्हा मागे येऊन उभे राहिले होते मला कळले नाही.

“तार.”

रबर संपून आतल्या पोलादी तारा बाहेर आल्या होत्या. मामा माझ्याशेजारी बसले, त्यांनीही हात घातला. ते डोळे मिटून काठ चाचपत होते. मग त्यांनी हात काढला आणि विजारीला पुसला.

“हे घाटात झिजलेलं न्हाई,” ते म्हणाले. “दोन फेऱ्यांत एवढं जात न्हाई. हे वाटंनं खाल्लंया.”

“वाटेने तर एक अंशच होता.”

“व्हय.”

ते उठले आणि खिळ्यावरची दोऱ्याची गुंडाळी घेऊन आले. मी स्टँड मांडले. डावी बाजू चेमटलेली होती, पण उजवे चाक, त्याचा सांधा आणि दांडा यांना धक्का लागला नव्हता. गाडी घाटाच्या ठिपक्यावर होती. मामांनी दोरा ताणला. मी मोजपट्टी धरली. चाकाच्या पुढच्या आणि मागच्या काठाचे दोऱ्यापासूनचे अंतर सारखे भरले. शुक्रवारी जुळवले होते तसेच. मग मी बॉनेट पहारीने उचकटले, उजव्या पट्टीचे तीन नट सैल केले आणि पट्टी रस्त्याच्या ठिपक्यावर सरकवली.

“बगा,” मामा म्हणाले.

मी मोजपट्टी धरली. पुढचा काठ दोऱ्याकडे आला होता, मागचा लांब गेला होता.

“किती?”

“सहा.”

“मिलिमीटर?”

“सहा मिलिमीटर. पुन्हा मोजतो.”

दुसऱ्यांदा मोजले. तिसऱ्यांदा मामांना मोजपट्टी दिली आणि मी दोऱ्याचा ताण धरला. सहाच होते. दोन्ही चाकांचे मिळून बारा. चाकांची तोंडे दोन दिशांना करून ती गाडी दोनशे दहा किलोमीटर ओढली गेली होती, आणि ज्या खुणेने टायर वाचायचे त्याच खुणेने ते कापले होते. पायथ्याशी घाटाच्या खुणेवर आणताच टो पुन्हा शून्य झाला, गाडी सरळ झाली, आणि आत झुकलेली दोन्ही चाके उरलेल्या तेवढ्या काठावर उभी राहिली.

मी गाडीखाली वाकून पाहिले. खालचा सांधा चकचकीत पोलादी तुकड्यामुळे पस्तीस मिलिमीटर खाली होता. स्टीअरिंगचा दांडा होता तिथेच होता. अकरा गाड्यांत दोन्ही एका पातळीत होते. गाडी खाली बसल्याने त्यांच्यातले अंतर बदलत नाही, हे मी सिद्ध केले होते. ते त्या तुकड्याने बदलले होते, आणि तो तुकडा मी हाताने चाचपून, वाखाणून कार्डावर लिहिला होता.

“कारण सापडलं,” मी म्हणालो.

मामांनी काय ते विचारले नाही. दोरा तसाच ताणलेला ठेवून ते बाकावर बसले. मी बोटावर फडके बांधीत होतो.

“तपासनिसानं लिहून दिलंय,” थोड्या वेळाने मी म्हणालो. “वाहनात दोष नाही.”

“दिलंय की.”

“डाव्या टायरचं काही उरलेलं नाही. हे उजवं कोणी हात घालून बघणार नाही.”

“न्हाई बगणार.” मामा दोऱ्याकडे पाहत होते. “आता पोरीला कोण सांगणार?”

बाहेर कोणीतरी ग्राइंडर चालू केला. तो थांबेपर्यंत मी फडक्याची गाठ मारीत राहिलो.

“मी.”

“लई बोलू नगा,” मामा म्हणाले.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी इस्पितळात गेलो. शर्वरीचा पाय वजने लावून टांगलेला होता. खिडकीशी तिचे वडील बसले होते. मला पाहून ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. तिने माझ्या बोटावरच्या फडक्याकडे पाहिले.

“गाडी आली का?”

“आली.”

“भंगारात द्या. बाबांना मी सांगितलंय.”

“का?”

“का म्हणजे?” ती छताकडे पाहत बोलत होती. “सर, सहाव्या वळणाआधी एक दगड आहे. चुन्याचा पट्टा ओढलेला. शनिवारी चालत जाऊन मी तो हेरून ठेवला होता. पहिल्या फेरीत तिथंच ब्रेक मारला. दुसऱ्या फेरीतही मला तोच दगड आठवतोय, पाय तिथंच पडलेला आठवतोय. आणि सगळे म्हणतायत उशीर झाला. तपासनीस म्हणतो, बाबा म्हणतात, ज्यांनी उचलून बाहेर काढलं तेही म्हणतात. मग मला जे आठवतंय ते घडलेलंच नाही.” ती थांबली. “पाय मोडला त्याचं काही नाही, तो जुळेल. पण ज्याला स्वतःचा पाय कुठं पडला ते कळत नाही त्यानं गाडी चालवू नये. काल मी बाबांना म्हटलं, मार्चची वाट बघू नका. संपलं.”

वाटेने मी सारे मनात रचून आणले होते. कोणते आधी, कोणते नंतर. मी सुरुवात केली. सांध्याचा तुकडा सांगितला, दांड्याची पातळी सांगितली, अकरा गाड्यांवरची मोजमापे कोणत्या साली आणि कोणत्या स्थितीत घेतली होती ते सांगितले. माझा सिद्धान्त सामान्यतः खरा असून या एका गाडीस तो लागू का पडत नव्हता, हे सांगण्याच्या भरात मी खिशातून पेन काढून चादरीवर रेघ ओढणार होतो.

“सर,” ती म्हणाली.

मी थांबलो.

“रस्त्याच्या खुणेवर टो मोजला होता का?”

“गणिताप्रमाणे तो अर्ध्या मिलिमीटरहून—”

“मोजला होता का?”

“नाही.”

बाहेर ट्रॉली गेली. शर्वरी टांगलेल्या पायाकडे बघत होती.

“किती होता?”

“दोन्ही मिळून बारा.”

“म्हणजे भिरभिरत होती ती खरंच भिरभिरत होती.”

“हो.”

“आणि सूं आवाज टायरचाच.”

“हो.”

“मामांनी दोरा परत ताणतो म्हटलं होतं. मी हसले होते. वाटेत हात घालून बघ म्हणाले, तोही नाही घातला.”

“त्यात तुझा दोष नाही. मी ज्या आत्मविश्वासाने—”

“आणि दगड?” तिने विचारले. तिचा आवाज प्रथमच बदलला. “दगड तिथंच होता?”

“टायरचा काठ तारेपर्यंत गेला होता. तू कुठेही ब्रेक दाबला असतास तरी त्या वळणावर ते फुटणार होतं. तू उशीर केलास असं म्हणायला आधार नाही.”

तिने डोळे मिटले. पापण्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळले. हात वर करून तिने ते पुसले नाही. तिचे वडील दोन पेले घेऊन दारात येऊन थांबले होते. त्यांनी किती ऐकले ते मला माहीत नाही. ते आत आले नाहीत.

“तुमचं कार्ड आणलंय?” तिने डोळे न उघडताच विचारले.

गाडीतल्या कागदांबरोबर परत आलेले कार्ड माझ्यापाशी होते. मी ते काढले.

“मागं कोरं आहे?”

“आहे.”

“लिहून द्या. झेरॉक्स काढून तपासनिसाला पाठवायचंय. एक प्रत बाबांना.”

मी कार्ड गुडघ्यावर ठेवले आणि लिहू लागलो : ‘सदर वाहनाच्या पुढील चाकांच्या कोनमापनाच्या संदर्भात, मागाहून लक्षात आलेल्या काही बाबींचा विचार करता, असे प्रतिपादन करणे उचित ठरेल की’. फडके बांधलेल्या बोटामुळे अक्षर वाकडे येत होते. तिने मान वळवून पाहिले.

“वाचा.”

मी वाचले.

“ते खोडा,” ती म्हणाली. “मी सांगते तसं लिहा.”

मी ते खोडले.

“ब्रेक वेळेवर मारला होता. टो मोजला नव्हता. खाली सही करा.”